वाचकांचे प्रश्न : लेण्यांनाच विचारावे

सुट्ट्या जवळ आल्या की या सदराकडे प्रवासाविषयीची पत्रे वाढतात. या वेळी आलेल्यांपैकी लेण्यांविषयीची चार पत्रे निवडली आहेत. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आम्ही चौघे जण रविवारी वेरूळ आणि सोमवारी अजिंठा असा बेत करून छत्रपती संभाजीनगरला जात आहोत. बरोबर सत्तरी ओलांडलेली आई आहे आणि तिचे गुडघे दुखतात. बेत योग्य आहे का, आणि आईला कितपत पाहता येईल? (एक वाचक, सांगली)

उत्तर : बेत फिरवावा. अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात आणि वेरूळची मंगळवारी. म्हणजे आपल्या बेताप्रमाणे शंभरेक किलोमीटर जाऊन आपल्याला बंद दरवाजा पाहावा लागला असता. रविवारी अजिंठा आणि सोमवारी वेरूळ असे केल्यास दोन्ही दिवस साधतात. कालक्रमाच्या दृष्टीनेही हेच बरे. अजिंठ्याची सर्वांत जुनी लेणी सातवाहनकाळातील आहेत, तेथील बहुतेक चित्रे पाचव्या शतकातील वाकाटकांच्या राजवटीतील आहेत आणि वेरूळचे काम त्यानंतरचे आहे. शिवाय कैलास आधी पाहिला की डोळ्यांची भूक इतकी मोठी होते की अजिंठ्याच्या अंधारातील बारीक रेषा पाहण्याइतका धीर मागे उरत नाही, असा माझा अनुभव आहे.

अजिंठ्याला आपले वाहन फर्दापूर फाट्यावर ठेवून पुढचे चारेक किलोमीटर तेथील बसने जावे लागते. सुरुवातीची चढण पायऱ्यांची आहे. पुढे वाघूर नदीच्या वळणाबरोबर जाणारी वाट बरीचशी सपाट असली, तरी प्रत्येक लेण्यापाशी थोड्या पायऱ्या आहेतच. तेथे डोली मिळते, आणि आईंनी डोलीत बसण्याचा संकोच मुळीच करू नये. सर्व लेणी पाहण्याचा हट्ट मात्र सोडावा. पहिले, दहावे, सतरावे आणि सव्विसावे अशी चार लेणी निवांत पाहिली, तर तीस लेण्यांच्या दारातून डोकावून आल्यापेक्षा आईंच्या पदरात अधिक पडेल.

पहिल्या लेण्यात शिरल्यावर दोन-तीन मिनिटे काहीही न पाहता उभे राहावे. बाहेरच्या उन्हातून आलेल्या डोळ्यांना आत आधी फक्त काळोख दिसतो. मग खांब उमटतात, मग छतावरची फुले-फळे, आणि शेवटी गाभाऱ्याच्या डाव्या बाजूस हातात कमळ धरून किंचित मान कलवलेला बोधिसत्त्व पद्मपाणी. बहुतेक मंडळी हे उमटणे पूर्ण होण्याआधीच बाहेर पडतात आणि चित्रे फार पुसट झाली आहेत अशी तक्रार करतात. चित्र पाहून झाल्यावर गिलावा जेथे पडला आहे ती जागाही पाहावी. तेथील दगड मुद्दाम खडबडीत ठेवलेला दिसतो, कारण माती, दगडाची भुकटी, भाताचा तूस आणि वनस्पतींचे तंतू कालवून केलेला गिलावा गुळगुळीत भिंतीला धरला नसता. त्यावर चुन्याचा पातळ हात आणि मग रंग, अशी ही रचना आहे. फ्लॅश वापरू नये. तेथे त्याला मनाई आहेच.

वेरूळची डोंगरकड पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे दुपारनंतरचे ऊन लेण्यांच्या आत शिरते. दहावे लेणे, ज्याला विश्वकर्मा किंवा सुताराची झोपडी म्हणतात, ते दुपारीच पाहावे. स्तूपापुढे बसलेल्या बुद्धमूर्तीवर तेव्हा उजेड येतो. कैलासाचे प्रांगण सपाट असल्याने आईंना ते फिरून पाहता येईल, पण वरच्या मजल्याच्या पायऱ्या त्यांनी टाळाव्यात. तीन मजल्यांचे बारावे लेणे त्यांनी अंगणातूनच पाहावे. वरच्या मजल्यावरील बुद्धमूर्तींच्या रांगा चुकतील याची हळहळ वाटते, पण गुडघे त्याहून मोलाचे आहेत.

प्रश्न : कैलास लेणे माणसांनी खोदलेच नसावे, ते परग्रहावरील तंत्राने झाले असावे, असे सांगणारे व्हिडिओ माझे मित्र मला पाठवतात. इतका दगड बाहेर काढणे हातोडी-छिन्नीने कसे शक्य आहे? (महाविद्यालयीन विद्यार्थी, नागपूर)

उत्तर : आपल्या मित्रांना एकदा वेरूळ-अजिंठ्याला घेऊन जावे आणि कैलासापुढे उभे न करता आधी अपुऱ्या राहिलेल्या लेण्यांपुढे उभे करावे. अजिंठ्याचे चोविसावे लेणे या कामी सर्वांत उत्तम. ते पूर्ण झाले असते तर तेथील मोठ्या विहारांपैकी, म्हणजे भिक्षूंच्या निवासी लेण्यांपैकी, एक ठरले असते. पण काम मध्येच थांबले, आणि त्यामुळे कारागिरांची रीत जशीच्या तशी गोठून राहिली. खांब ओबडधोबड आकारात सोडलेले आहेत आणि दगडावर टाकीचे घाव उघडे दिसतात. टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही असे आपण सहज बोलून जातो; येथे देवपण येण्याआधीचा टप्पा समोर उभा आहे. परग्रहावरील तंत्राला टाकीचे घाव कशाला हवेत आणि काम अर्धवट टाकून जाण्याची वेळ तरी का यावी, हे मित्रांना विचारून पाहावे.

खोदण्याची रीत समजली की अचंबा कमी होत नाही, फक्त त्याची जागा बदलते. लेणे वरून खाली खोदतात. छताची पातळी आधी साधायची आणि मग खाली उतरत जायचे, म्हणजे परांची बांधावी लागत नाही. ज्या दगडावर कारागीर उभा असतो, तोच त्याची परांची असतो. कैलासाच्या बाबतीत तर लेणे डोंगराच्या पोटात न शिरता डोंगराच्या माथ्यावरून उतरले. तीन बाजूंनी खोल चर घेऊन मध्ये एक प्रचंड शिळा सुटी केली आणि शिखरापासून पायापर्यंत ती घडवत आणली. प्रांगण सुमारे २७६ फूट लांब आणि १५४ फूट रुंद असून मागची कड शंभर फुटांहून उंच आहे. या रीतीची आठवण लोककथेनेही ठेवली आहे : शिखर दिसल्याशिवाय अन्न घेणार नाही असा राणीने पण केला, तेव्हा कोकस नावाच्या कारागिराने देऊळ कळसापासून खोदायला घेतले आणि राणीचा उपास लवकर सुटला. कथा म्हणून ती कथाच, पण ती रचणाऱ्याने दगडाकडे नीट पाहिले होते.

कैलास आकाशातून पडलेला नाही याचा दुसरा पुरावा म्हणजे त्याचे माहेर सापडते. कर्नाटकातील पट्टदकल येथे चालुक्य राणी लोकमहादेवीने आठव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधवलेले विरूपाक्ष मंदिर आणि कैलास यांच्या आराखड्यात इतके साम्य आहे की दोन्ही पाहणाऱ्याला ते सांगावे लागत नाही. शेजारच्या पंधराव्या लेण्यात राष्ट्रकूट दंतिदुर्गाचा लेख आहे, आणि त्याच्यामागून आलेला त्याचा काका कृष्ण पहिला याने कैलास करवला. त्याच घराण्याच्या गुजरात शाखेतील कर्क राजाच्या बडोदे येथील ताम्रपटात, म्हणजे इसवी सन ८१२-१३ मध्ये, एलापूरच्या, म्हणजे वेरूळच्या, या मंदिराचे वर्णन आहे. ते घडवणाऱ्या शिल्पकारालाच आपण हे कसे केले याचे आश्चर्य वाटले, असे त्यात म्हटले आहे. व्हिडिओ करणाऱ्यांच्या आधी बाराशे वर्षे हा अचंबा व्यक्त झाला होता. फरक इतकाच की त्या ताम्रपटाने श्रेय माणसाला दिले.

प्रश्न : नाशिकची पांडवलेणी पांडवांनी एका रात्रीत खोदली असे आजी सांगत असे. आता तेथील फलकावर बौद्ध लेणी असे लिहिले आहे. आजीचे खोटे म्हणायचे का? (गृहिणी, ठाणे)

उत्तर : आजीचे खोटे म्हणू नये. ही लेणी कोणी केली हे विसरले गेले, तेव्हा लोकांनी आपल्याला ठाऊक असलेल्या सर्वांत थोर माणसांच्या नावावर ती लावली. लेण्याद्रीचा गिरिजात्मजही बौद्ध विहारातच बसला आहे आणि कार्ल्याच्या चैत्यगृहाशेजारी, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनागृहाशेजारी, एकवीरेचे देऊळ आहे. मात्र नाशिकच्या लेण्यांनी आपल्या मालकांची नावे भिंतीवर लिहून ठेवली आहेत, आणि ती वाचण्याचा आनंद आपण घ्यावा असे मला वाटते.

तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्री या राजमातेचा लेख आहे. तिने आपल्या दिवंगत मुलाचे, गौतमीपुत्र सातकर्णीचे, वर्णन केले आहे. ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले असा तो राजा होता, असे ती म्हणते. दहाव्या लेण्यात तिच्या मुलाच्या शत्रूचा, म्हणजे क्षहरात घराण्यातील राजा नहपानाचा, जावई उषवदात बोलतो. धर्मबुद्धीने हे लेण करविले आणि या पोढ्याही करविल्या, असे तो सांगतो. पोढी म्हणजे पाण्याचे टाके. आपण लेणे म्हणतो तो शब्द दोन हजार वर्षांपूर्वी त्या भिंतीवर जवळजवळ याच रूपात कोरलेला आहे. म्हणूनच या वास्तूंना गुहा म्हटलेले मला रुचत नाही. गुहा आपोआप होते, लेणे करवावे लागते.

त्याच लेण्यातील दुसरा एक लेख मी प्रत्येकाला सांगतो. उषवदाताने लेणे देऊन हात झटकले नाहीत. त्याने तीन हजार कार्षापणांची, म्हणजे त्या काळच्या नाण्यांची, कायम ठेव केली. गोवर्धन या जवळच्या गावातील विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे व्यावसायिक संघाकडे, दोन हजार, दरमहा शेकडा एक या व्याजाने, आणि दुसऱ्या श्रेणीकडे एक हजार, दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, केवळ व्याज वापरायचे. पहिल्या रकमेतून लेण्यात वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातील मुक्काम, करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे. आपण हिशेब करून पाहावा : दोन हजारांवर महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस, आणि वीस भिक्षूंना बारा-बारा म्हणजे तेही दोनशे चाळीस. एक नाणे इकडचे तिकडे नाही. हा व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, ऐकवून नोंदवला, हेही लेखात आहे. विणकरांकडे भांडवल आणि भिक्षूंच्या अंगावर कापड, अशी ही सोय होती. एका रात्रीत खोदण्याच्या चमत्कारापेक्षा मला हा हिशेब अधिक विस्मयकारक वाटतो, पण त्याबाबतीत आजीचे मत वेगळे असू शकेल.

प्रश्न : सातवीच्या मुलांना कार्ले आणि भाजे येथे नेत आहोत. कार्ल्याच्या छतातील लाकडे खरोखर मूळची आहेत का? मुलांना काय दाखवावे? (शिक्षिका, पुणे)

उत्तर : होय, कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या कमानदार छताला लागलेल्या सागवानी फासळ्या मूळच्या, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांच्या मानल्या जातात. दगडाच्या छताला लाकडी फासळ्यांची काहीच गरज नसते. पण कारागिरांना लाकडी चैत्यगृहे बांधण्याची सवय होती आणि छत म्हटले की फासळ्या हव्यातच, असे त्यांच्या हाताला वाटत असावे.

मुलांना आधी भाज्याला न्यावे. दोन्ही ठिकाणे मळवली स्थानकापासून जवळ आहेत. भाज्याच्या चैत्याचे खांब किंचित आत कलले आहेत. ते का, हे मुलांना विचारावे आणि उत्तर लगेच सांगू नये. लाकडी घराचे खांब छताचा रेटा सोसण्यासाठी तसे कलते रोवत असत. दगडात तो रेटा नाही, कलणे मात्र राहिले. दर्शनी भाग लाकडाचा होता, तो गेला. त्याच्या तुळया बसवण्याच्या खाचा दगडात शिल्लक आहेत. त्या मुलांना शोधू द्याव्यात.

त्यानंतर कार्ल्याला जावे. सकाळी लवकर गेल्यास एकवीरेच्या दर्शनाच्या गर्दीआधी चैत्यगृह मोकळे मिळते. खांबांवर दात्यांची नावे आहेत. त्यांत धेनुकाकट येथील यवन, म्हणजे ग्रीक वळणाचे परदेशीही आहेत. मुलांना मात्र एक नाव आवर्जून सांगावे. दरवाजाचे काम धेनुकाकटच्या सामी या वढकीने, वेणुवासाच्या मुलाने केले, असा लेख तेथे आहे. वढकी म्हणजे सुतार.