मुलीला आरोग्यक्षेत्रात जायचे आहे, पण गटात तिचे कुणाशी जमत नाही

परदेशात राहणाऱ्या एका आईचे पत्र आले आहे. मुलगी दहावीत आहे, जीवशास्त्रात तिला मनापासून रस आहे आणि डॉक्टर व्हायचे हे तिने जवळजवळ ठरवूनच टाकले आहे. शाळेच्या आरोग्यविषयक प्रकल्पात पाच जणांच्या गटाचे सारे काम तिने एकटीने ओढले. गुण उत्तम मिळाले, परंतु गटातल्या दोघींनी पुढच्या प्रकल्पात तिच्यासोबत काम करण्यास नकार दिला. आईने तीन गोष्टी विचारल्या आहेत: यात चूक कुणाची, या वयात आरोग्यक्षेत्राची खरी ओळख कशी करून घ्यावी, आणि रक्त पाहून मुलीला भोवळ येते त्याचे काय करावे. तिन्ही प्रश्नांची उत्तरे देते, मात्र आधी माझी स्वतःची एक चूक सांगते.

मी अनेक वर्षे परदेशातील रुग्णालयांत फार्मासिस्ट म्हणून काम केले. एका संध्याकाळी सहा वर्षांच्या मुलासाठी अँटिबायोटिकची मागणी संगणकावर आली. वजनाच्या रकान्यात ४४ किलो असा आकडा होता. लहान मुलांना बरीचशी औषधे किलोमागे इतके मिलिग्रॅम असा हिशेब करून देतात. मी गुणाकार तपासला, तो अचूक होता, म्हणून मी मंजुरी दिली. औषध भरणारा आमचा तंत्रज्ञ विशीतला, कामावर लागून जेमतेम चार महिने झालेला. तो सिरिंज हातात धरून थांबला आणि जरा बिचकतच म्हणाला, "सहा वर्षांचा मुलगा चव्वेचाळीस किलोचा असेल का?" मी वॉर्डात फोन केला, परिचारिकेने मुलाला पुन्हा काट्यावर उभे केले आणि वजन भरले वीस किलो. आधीचा आकडा पौंडांतला होता आणि तो किलोच्या रकान्यात जाऊन बसला होता. ते औषध तसेच गेले असते तर मुलाच्या अंगात दुपटीहून अधिक मात्रा गेली असती.

त्या आकड्यावरून तोवर तीन शिकलेल्या माणसांची नजर फिरली होती. वजन नोंदवणाऱ्याने तो लिहिला, डॉक्टरांनी त्यावर मात्रा काढली, मी ती तपासली, आणि आधीच्या माणसाने पाहिलेच असेल असे आम्ही प्रत्येकाने गृहीत धरले. ज्याच्याकडे सर्वांत कमी पदव्या होत्या त्याने मुलाचे वय आणि वजन एकत्र वाचले. नंतर त्या वॉर्डातले काटे फक्त किलोच दाखवतील असे करून घेण्यात आले. मी त्या तंत्रज्ञाचे आभार मानले खरे, पण त्या क्षणी मला आधी वाटली ती शरमच, कृतज्ञता नंतर आली.

आता तुमच्या मुलीकडे वळते. पत्राचा सूर असा आहे की बाकीचे आळशी होते म्हणून तिला सगळे करावे लागले. तसे असेलही. तरीही स्पष्ट बोलायचे तर चुकीचा एक मोठा वाटा तिचा आहे, कारण जो सगळे स्वतः करतो त्याचे काम तपासायला कुणी उरत नाही. शाळेत हे खपून जाते, कारण तिथे गुण तयार झालेल्या प्रकल्पाला मिळतात. रुग्णालयात मात्र असा माणूस कितीही हुशार असला तरी सहकाऱ्यांना त्याची धास्ती वाटते. त्याच्या भोवतालचे लोक हळूहळू बघणे सोडून देतात, प्रश्न विचारणे थांबवतात, आणि माझ्यासमोर ४४ चा आकडा आला तसा एखादा आकडा त्याच्यासमोर येतो तेव्हा "असेल का?" म्हणणारे शेजारी कुणी नसते.

म्हणून पुढच्या प्रकल्पासाठी माझी सूचना अशी आहे. कोण काय करणार, ते केव्हापर्यंत करणार आणि अडले तर कुणाला सांगणार, हे पाचही जणांनी पहिल्याच दिवशी मिळून लिहावे. मुलीने आपला पाचवा हिस्सा करावा. दुसऱ्याचा हिस्सा कच्चा वाटला तर तिने त्याला प्रश्न विचारावेत, पण रात्री बसून तो परस्पर नव्याने लिहून टाकू नये. यात एखादेवेळी गुण कमी पडतील, आणि ते पडू द्यावेत, हे मी आईवडिलांना उद्देशून लिहीत आहे. ज्या दोघींनी नकार दिला त्यांच्याकडे जाऊन "माझ्यासोबत काम करताना तुम्हांला काय खटकले?" असे तिने विचारले आणि उत्तर ऐकताना स्वतःची बाजू मांडली नाही, तर या वर्षातला सर्वांत अवघड धडा तिने गिरवला असे मी म्हणेन.

हे केवळ स्वभावाचे शिक्षण आहे असे समजू नये; या व्यवसायात ते नियमांत बसवलेले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची एक तपासणी यादी जाहीर केली. भूल देण्यापूर्वी, पहिला छेद घेण्यापूर्वी आणि रुग्णाला शस्त्रक्रियागृहाबाहेर नेण्यापूर्वी अशा तीन वेळा सर्वांनी थांबायचे आणि ठरलेल्या गोष्टी मोठ्याने पडताळायच्या, असे तिचे स्वरूप आहे. त्यातला एक मुद्दा वाचणाऱ्याला किरकोळ वाटतो: उपस्थित प्रत्येकाने आपले नाव आणि आपले काम सांगायचे. परंतु ज्याने एकदा तोंड उघडून आपले नाव सांगितले आहे त्याला, पुढे काही चुकताना दिसले तर, पुन्हा तोंड उघडणे सोपे जाते, हा अनुभव मी स्वतः घेतला आहे. आठ देशांतील आठ रुग्णालयांत ही यादी वापरून पाहण्यात आली आणि २००९ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांत शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे दिसले. त्यासाठी कुठलेही नवे औषध वापरलेले नव्हते.

दहावीतल्या मुलीला शस्त्रक्रियागृहात कुणी उभे करणार नाही, पण सीपीआरच्या, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून आणि त्याला श्वास देऊन जीव वाचवण्याचे प्रयत्न शिकवणाऱ्या, वर्गाला मात्र ती उद्याच जाऊ शकते, आणि आरोग्यक्षेत्रातले संघकार्य इतक्या जवळून दाखवणारी दुसरी जागा मला माहीत नाही. जमिनीवर पुतळा असतो. मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, मोठ्या माणसासाठी पाच ते सहा सेंटिमीटर खोल, छाती दाबायची असते. पहिले अर्धे मिनिट सोपे वाटते. दीड मिनिटाला खांदे भरून येतात, दाब उथळ होऊ लागतो, आणि गंमत म्हणजे दाबणाऱ्याला ते कळत नाही, समोरच्याला कळते. म्हणूनच दर दोन मिनिटांनी माणूस बदलावा असा नियम आहे, मग पहिला कितीही तगडा असो. रुग्णालयात असा प्रसंग आला की एकजण छाती दाबतो, एकजण श्वास देतो, एकजण औषध देतो, एकजण घड्याळ पाहून नोंदी करतो, आणि नेतृत्व करणारी व्यक्ती शक्यतो कशालाही हात न लावता उभी राहून सगळ्यांकडे पाहते. तिने "एपिनेफ्रिन एक मिलिग्रॅम द्या" म्हटले की औषध देणारा तेच शब्द परत उच्चारतो आणि दिल्यावर "दिले" असे सांगतो. आज्ञा ऐकली गेली, बरोबर ऐकली गेली आणि पार पडली, या तिन्ही गोष्टींची खात्री तेवढ्याने होते. गटातले सारे काम एकटीने करणाऱ्या मुलीला दोन मिनिटांनी दुसऱ्याला जागा करून द्यायला लागणे, हे मला औषधासारखे वाटते.

दुसरा प्रश्न क्षेत्राच्या ओळखीचा. "डॉक्टर व्हायचे" हे उत्तर मुले फार लवकर देतात, कारण रुग्ण म्हणून गेल्यावर त्यांना तीच एक व्यक्ती ठळक दिसलेली असते. मुलीला एक काम द्या: पक्षाघाताच्या एका रुग्णाचा पहिला दिवस तिला कागदावर मांडू दे. रुग्णवाहिकेतला पॅरामेडिक लक्षणे केव्हा सुरू झाली ते विचारतो, कारण रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. सीटी स्कॅन काढणारा तंत्रज्ञ, ते वाचणारा रेडिओलॉजिस्ट, रक्त तपासणारी प्रयोगशाळा, मात्रा पडताळणारा फार्मासिस्ट हे सगळे त्या तासाभरात आपापल्या जागी असावे लागतात. मग रुग्णाला पाणी हवे असते, पण ते लगेच देत नाहीत. आधी त्याला नीट गिळता येते का याची चाचणी होते, कारण गिळण्याचे स्नायू दुबळे झाले असतील तर पाणी फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. प्राथमिक चाचणी बहुधा परिचारिका करते आणि अडचण दिसली तर स्पीच थेरपिस्टला बोलावतात. हा व्यवसाय केवळ तोतरेपणापुरता आहे असे समजणाऱ्यांना याचे नवल वाटते. नंतर फिजिओथेरपिस्ट रुग्णाला उभे करतो, ऑक्युपेशनल थेरपिस्ट त्याला एका हाताने सदऱ्याची गुंडी लावायला शिकवतो. यांतले कुठले काम वाचताना मुलगी थांबली, तिने कशाबद्दल जास्त विचारले, ते बघा.

परदेशातील कुटुंबांनी एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी: पदनामे आणि वाटा देशागणिक बदलतात. श्वसनयंत्र सांभाळणारा रेस्पिरेटरी थेरपिस्ट हा अमेरिकेत आणि कॅनडात स्वतंत्र व्यवसाय आहे. ब्रिटनमध्ये ते काम मुख्यतः परिचारिका, फिजिओथेरपिस्ट आणि डॉक्टर वाटून घेतात. फिजिशियन असिस्टंट (डॉक्टरांसोबत रुग्ण तपासणारा प्रशिक्षित सहायक) आणि नर्स प्रॅक्टिशनर (पुढचे शिक्षण घेऊन रुग्ण तपासणारी व उपचार करणारी परिचारिका) या दोन्ही वाटांचे पहिले अभ्यासक्रम अमेरिकेत १९६५ साली सुरू झाले. ब्रिटनमध्ये शाळा संपवून थेट पाच किंवा सहा वर्षांच्या वैद्यकीय अभ्यासक्रमाला जाता येते. अमेरिकेत सामान्यतः चार वर्षांची पदवी, मग चार वर्षांचे वैद्यकीय शिक्षण आणि पुढे विषयानुसार तीन ते सात वर्षांची रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयात काम करत घेतलेले प्रशिक्षण, असते. म्हणून दुसऱ्या देशातल्या नातलगांचा सल्ला प्रेमाने ऐकावा, पण अटी आणि मुदती आपल्या देशातल्या शिक्षणसंस्थेकडूनच तपासून घ्याव्यात.

प्रत्यक्ष ओळखीसाठी रुग्णालयातील किंवा वृद्धाश्रमातील स्वयंसेवा उत्तम. वयाची अट जागोजागी वेगळी असते. आठवड्यातून दोनच तास मिळाले तरी ठरलेल्या वेळी, न चुकता, वर्षभर गेलेली मुलगी पंधरा दिवसांत पाच ठिकाणे पाहून आलेल्या मुलीपेक्षा कितीतरी जास्त शिकते. शॅडोइंगची, म्हणजे एखाद्या व्यावसायिकासोबत दिवसभर राहून त्याचे काम पाहण्याची, संधी मिळाली तर केवळ डॉक्टरांकडे न जाता परिचारिकेसोबत किंवा प्रयोगशाळेतही एक दिवस मागावा. दोन पाळ्यांच्या बदलाच्या वेळी एक परिचारिका दुसरीच्या हाती रुग्ण कसे सोपवते, हे तर आवर्जून पाहावे. आता काय चालले आहे, आधी काय घडले, मला काय वाटते आणि पुढे काय करायला हवे, या क्रमाने त्या बोलतात. घाईत काहीच निसटू नये म्हणून हा क्रम ठरवलेला असतो. तिथे पाहिलेल्या रुग्णाचे नाव, छायाचित्र किंवा ओळख पटेल असा तपशील घरी जेवतानाही निघता कामा नये, हे पहिल्या दिवसाआधीच सांगून ठेवा, आणि कुतूहलाने तुम्हीही विचारू नका.

याला जोडून एक सावधगिरी. मुलांना दोन्ही भाषा येतात म्हणून आजीआजोबांच्या तपासणीच्या वेळी त्यांनाच दुभाषी करणे हा आरोग्यक्षेत्राचा अनुभव नव्हे. निदान गंभीर असेल तर ते शब्द मुलाच्या तोंडून वदवून घेणे क्रूरपणाचे आहे, शिवाय त्यात चूक होण्याचा धोका असतो. प्रशिक्षित दुभाषी मागावा. अमेरिकेत २०१६ च्या केंद्रीय नियमांनी आणीबाणीचे प्रसंग वगळता लहान मुलांवर असे विसंबण्यास मनाई केली.

प्रवेशाच्या मुलाखतींची चिंता आताच नको, तरी एवढे सांगते की अनेक वैद्यकीय महाविद्यालये आता छोट्या छोट्या टप्प्यांची मुलाखत घेतात. ही पद्धत कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठातून पसरली. एखाद्या टप्प्यात उमेदवाराला समोर न दिसणाऱ्या जोडीदाराकडून केवळ बोलून एखादी आकृती काढून घ्यायची असते. घरी पाठीला पाठ लावून हा खेळ खेळून पाहा. आकृती चुकली की "मी सांगितले होते तसे काढले नाहीस" हे वाक्य पहिल्याच डावात कानी पडेल, आणि ते बहुधा आईच्या किंवा वडिलांच्या तोंडून असेल.

राहिली भोवळ. रक्त पाहून काहींची नाडी मंदावते, रक्तदाब एकाएकी उतरतो आणि मेंदूला रक्त कमी पडते; याचा धैर्याशी संबंध नाही आणि कित्येकांना सवयीने हे कमी होते. पूर्वसूचना मिळताच हात, पाय आणि पोटाचे स्नायू दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळावेत, मग वीस-तीस सेकंद सैल सोडावेत, आणि असे चार-पाच वेळा करावे. त्याने रक्तदाब टिकून राहायला मदत होते. रुग्णालयात उपाशीपोटी जाऊ नये. घाम फुटला, कानांत गुणगुण सुरू झाली, तर लाजेपायी उभे न राहता तिथेच खाली बसावे. इतर प्रसंगी किंवा वारंवार शुद्ध हरपत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवावे. स्वयंसेवेच्या पहिल्या दिवशी सोबतच्या परिचारिकेला मुलीने स्वतःच सांगावे, की मला रक्त पाहून भोवळ येते, तशी वेळ आली तर मी बसेन. तुम्ही तिच्या वतीने फोन करू नका.