संघराज्य, राज्यसंघ आणि मधलं 'केंद्र'

प्रश्न असा आहे: 'संघराज्य' आणि 'राज्यसंघ' हे समानार्थी शब्द आहेत का? राज्यघटना भारताला 'राज्यांचा संघ' म्हणते, मग नागरिकशास्त्राच्या पुस्तकांत 'संघराज्य' का? आणि 'केंद्र सरकार' हा शब्दच घटनाबाह्य आहे, 'संघ सरकार' म्हणायला हवं, असं हल्ली ठासून सांगितलं जातं, ते बरोबर का?

आधी समास पाहू. तत्पुरुषात वजन दुसऱ्या पदाला असतं. फूलझाड हे झाड असतं, रानफूल हे फूल असतं. त्या न्यायानं संघराज्य हे एक राज्य आहे, त्याची रचना संघाची आहे एवढंच. राज्यसंघ हा मात्र संघ आहे. त्यातली राज्यं आधीची, स्वतंत्र, आणि संघ त्यांनी आपल्या सोयीसाठी केलेला. राज्यशास्त्रात हाच भेद आहे. अमेरिकेतली तेरा राज्यं 1781च्या करारानं एकत्र आली तेव्हा तो राज्यसंघ होता. त्यांच्या काँग्रेसला लोकांवर कर बसवता येत नव्हता, राज्यांकडे पैसे मागावे लागत. करारात बदल करायचा तर तेराही राज्यांचा होकार लागे. 1787 साली फिलाडेल्फियात नवी घटना तयार झाली आणि ती 1789 मध्ये अमलात आली, तेव्हा त्या राज्यसंघाचं संघराज्य झालं. (आपण मराठीत त्या राज्यांना अजून 'संस्थानं' म्हणतो, ते वेगळंच. सांगली-मिरजेच्या आठवणीनं तो शब्द चिकटला असावा.)

इथवर सगळं सरळ आहे. पण 'राज्यांचा संघ' हा तर नेमका 'राज्यसंघ' या शब्दाचा विग्रह! मग समासाच्या नियमानं भारत राज्यसंघ ठरतो, आणि घटनाकारांना तर बरोबर उलटं म्हणायचं होतं. डॉ. आंबेडकरांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत मसुदा मांडताना याचा खुलासा केला आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: भारत संघराज्यच आहे, पण ते राज्यांनी आपसांत करार करून झालेलं नाही. करार नाही, म्हणून फुटून निघण्याचा हक्कही कुणाला नाही. 'संघ' हा शब्द जाणूनबुजून घेतला, कारण ही जोड अभंग आहे. हेच सिद्ध करायला अमेरिकेला यादवी युद्ध लढावं लागलं. आपण ते आधीच लिहून ठेवलेलं बरं, असा त्यांचा रोख होता.

म्हणजे या ठिकाणी व्याकरण एक सांगतं आणि घटना दुसरं. माझ्या मते अशा वेळी व्याकरणानं मागं सरावं. 'संघ' या शब्दात अभंगपणा मुळातून नाहीच. युरोपीय संघही संघच आहे, आणि ब्रिटन 31 जानेवारी 2020 रोजी त्यातून रीतसर बाहेर पडलं. अभंगपणा येतो तो घटनेच्या कलमांतून. उलट आपल्याकडे संघ अभंग आणि राज्यं मात्र बदलण्याजोगी आहेत. कलम 3 प्रमाणे संसद साध्या बहुमतानं राज्याच्या सीमा बदलू शकते. विधानसभेचं मत मागवावं लागतं, पण ते मानावं लागत नाही. 2014 साली आंध्र प्रदेश विधानसभेनं विरोध करूनही तेलंगण झालं. तेव्हा भारताबद्दल लिहिताना 'संघराज्य' किंवा घटनेतला पूर्ण शब्दप्रयोग 'राज्यांचा संघ' वापरावा. 'राज्यसंघ' टाळावा.

आता 'केंद्र'. तमिळनाडू सरकारनं 2021 मध्ये 'संघ' अर्थाचा तमिळ शब्द अधिकृतपणे वापरायला घेतला आणि हा वाद देशभर पोचला. आक्षेपात तथ्य आहे. केंद्र म्हटलं की राज्यं परिघावर जातात, आणि अधिकार आतून बाहेर वाटले जातात असं चित्र उभं राहतं. संघराज्यात तसं नसतं. दोन्ही सरकारांना अधिकार घटनेकडून मिळतात, विषयवार. पोलीस, सार्वजनिक आरोग्य, शेती हे राज्यसूचीतले विषय. त्यांवर संसदेला एरवी कायदा करता येत नाही, काही ठरावीक अपवाद सोडले तर. पण शब्द घटनाबाह्य आहे हे मात्र खरं नाही. 1897च्या सर्वसाधारण वाक्खंड कायद्यात 'केंद्र सरकार'ची व्याख्या आहे, आणि 2016च्या दुरुस्तीनं आलेल्या कलम 279क मध्ये तो शब्द थेट घटनेतच शिरला आहे. गंमत म्हणजे ते कलम वस्तू व सेवाकर परिषदेचं आहे. तिथे केंद्राच्या मताला एक तृतीयांश वजन, सगळ्या राज्यांना मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश बहुमत लागतं. केंद्राशिवाय निर्णय होत नाही आणि एकटं केंद्र काही ठरवू शकत नाही. केंद्र हा शब्द मुळात ग्रीकांकडून आपल्या ज्योतिषात आलेला. पत्रिकेत तर केंद्रस्थानं चार असतात. केंद्र एकच असतं हा भूमितीचा आग्रह.

जाता जाता 'समवर्ती सूची'बद्दल, म्हणजे संसद आणि राज्यं दोघांनाही कायदा करता येतो अशा विषयांच्या यादीबद्दल. यातल्या 'सम'मुळे दोघांचे अधिकार समान, असा समज होतो. मध्यवर्ती, निकटवर्ती यांतलं 'वर्ती' म्हणजे असणारा. समवर्ती म्हणजे एकाच विषयाच्या क्षेत्रात दोघं असणं, एवढंच. दोघांच्या कायद्यांत विरोध आला तर कलम 254 प्रमाणे संसदेचा कायदा वरचढ ठरतो. राष्ट्रपतींची संमती घेतलेला राज्याचा कायदा त्या राज्यापुरता टिकतो, तोही संसदेनं पुन्हा हात घातला नाही तर. 1976च्या 42व्या दुरुस्तीनं शिक्षण, वनं असे पाच विषय राज्यसूचीतून या सूचीत आले, तेव्हा राज्यांनी काय गमावलं ते 'समवर्ती' या सौम्य शब्दावरून कळत नाही.

'शेषाधिकार' हाही असाच दिसायला किरकोळ शब्द. कुठल्याच सूचीत नसलेलं जे उरेल ते कुणाचं? अमेरिकेत 1791च्या दहाव्या दुरुस्तीनुसार राज्यांचं किंवा लोकांचं, आपल्याकडे संसदेचं. 1994चा सेवाकर याच उरलेल्या अधिकारातून बसवला गेला.

वापराचं म्हणाल तर बातमीत, बोलण्यात 'केंद्र सरकार' खुशाल म्हणा. घटनेविषयी काटेकोर लिहिताना 'संघ' घ्या: संघसूची, संघ लोकसेवा आयोग. एका ठिकाणी मात्र मला प्रचलित शब्दच जास्त खरा वाटतो. घटनेच्या मराठी पाठात 'संघ राज्यक्षेत्र' आहे, लोक 'केंद्रशासित प्रदेश' म्हणतात. तिथला कारभार राष्ट्रपती प्रशासकामार्फत चालवतात, म्हणजे सत्ता खरोखरच केंद्राकडून येते. दिल्ली, पुदुच्चेरी आणि जम्मू-काश्मीर इथे विधानसभा आहे, तरी नायब राज्यपालाशी होणारे त्यांचे खटके पाहिले की तिथेही 'केंद्रशासित' हा शब्द फारसा चुकीचा ठरत नाही.