मशिनसाठी पोस्टातलं खातं मोडावं का?

नमस्कार ताई,

तुमचे यजमान ६६ वर्षांचे. चार महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, आता काठी धरून चालतात, पण उजवं पाऊल उचलत नाही. विक्रेत्याने बायोफीडबॅकचं मशीन १,८५,००० रुपयांना सांगितलंय. त्यासाठी पोस्टातलं ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचं १५ लाखांचं खातं मोडू का, असं तुम्ही कोथरूडहून विचारलंय.

मोडू नका. या खात्यातून हवी तेवढीच रक्कम काढता येत नाही, पूर्ण खातंच बंद करावं लागतं. तुमच्या खात्याला दीड वर्ष झालंय, म्हणजे दीड टक्का कपात, २२,५०० रुपये. शिवाय ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला येणारे ३०,७५० रुपये थांबतील. तुमचं घर त्यावर चालतं.

आता मशीन. नडगीवर इलेक्ट्रोड चिकटवतात, स्नायूतले विद्युत संकेत पडद्यावर किंवा आवाजातून कळतात. पाऊल उचलायचा प्रयत्न स्नायूपर्यंत पोचतोय का, हे रुग्णाला समजतं. उपयोगाची गोष्ट आहे, पण व्यायाम मशीन करत नाही. उपचारांचा पुरावा तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २००७च्या आढाव्यात १३ चाचण्या आणि २६९ रुग्ण होते. नेहमीच्या उपचारात हे सरसकट वापरावं, इतका पुरावा त्यांना मिळाला नाही. पायांच्या हालचालींबाबत नंतरचे निष्कर्ष अधिक आशादायक आहेत, त्यामुळे मी ते मोडीत काढत नाही.

पण १,८५,००० रुपयांत, तुम्ही लिहिलेल्या ६०० रुपये दराने, फिजिओथेरपिस्टच्या ३०८ भेटी होतात. आठवड्याला पाच धरल्या तरी चौदा महिने. सध्या तुम्ही तीनच भेटी घेताय, खर्च वाचवायला. ताई, तिथे मात्र काटकसर नको. सुधारणा पहिल्या काही महिन्यांत सगळ्यात वेगाने होते, म्हणून पैसा आत्ताच सरावाच्या तासांवर घाला. बँकेतली ४ लाखांची एफडी अशाच वेळेसाठी असते. त्यावर ओव्हरड्राफ्ट घ्या, लागेल तेवढंच उचला, व्याजही तेवढ्यावरच.

एरंडवण्यातल्या क्लिनिकमध्ये हेच मशीन ९०० रुपये सत्राला आहे म्हणता. बारा सत्रांचे १०,८०० होतात, ते जरूर करा. आधी आणि नंतर दहा मीटर चालायला किती सेकंद लागतात, ते थेरपिस्टकडून लिहून घ्या. फरक दिसला आणि घरी रोज वापरा असं त्यांनीच सांगितलं, तर भाड्याने मिळतं का पाहा. विक्रेत्याच्या सांगण्यावरून नको. दरम्यान थेरपिस्टच्या देखरेखीखाली दोन वजनकाट्यांवर एकेक पाय ठेवून उभं राहता येतं का, विचारा. कोणत्या पायावर भार कमी पडतोय हे काट्यावर दिसतं, तोही फीडबॅकच.

आणि आरोग्य विमा असेल, तर त्या पॉलिसीचे कागद आजच काढून वाचा. डिस्चार्जनंतरचा खर्च बहुधा ६० किंवा ९० दिवसांपर्यंत मिळतो, काही पॉलिसींत १८०. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या फिजिओथेरपीची त्या मुदतीतली बिलं अजून दिली नसतील, तर क्लेमची तारीख उलटायच्या आत पाठवा.