बांबूच्या पानांच्या अर्काने कोलेस्टेरॉल खरंच उतरतं का?

पानांचा अर्क आणि कोवळे कोंब या दोन गोष्टी आधी वेगळ्या करा, कारण जाहिरातीत एकीचा पुरावा सर्रास दुसरीच्या नावावर खपवतात.

पानांत ओरिएंटिन, आयसोओरिएंटिन, व्हायटेक्सिन ही फ्लेव्होनॉइड्स (वनस्पतींतली नैसर्गिक रसायनं) असतात. परीक्षानळीत ती मुक्त कणांना (पेशींना इजा करणाऱ्या अस्थिर रेणूंना, म्हणजे फ्री रॅडिकल्सना) छान निष्प्रभ करतात. तेल खवट होऊ नये म्हणून चीनमध्ये हा अर्क खाद्यपदार्थांत घालायला परवानगीही आहे. पण तेल टिकवणं वेगळं, धमन्या टिकवणं वेगळं! पोटात गेल्यावर यातला थोडाच भाग रक्तात पोचतो, बराचसा आतड्यातले जिवाणूच मोडतात. उंदरांवरचे निकाल आशादायक आहेत, माणसांवरचा पुरावा तुटपुंजा.

कोंबांचं गणित जरा सरळ आहे. त्यांतला तंतू पित्ताम्लं (चरबी पचवायला यकृत कोलेस्टेरॉलपासून बनवतं ती आम्लं) बांधून बाहेर काढतो, मग नवी बनवायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कोंब खाल्ल्यावर एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, घटलं होतं. मात्र त्यात तरुण, निरोगी मुली होत्या फक्त 8, आणि प्रत्येक आहार जेमतेम 6 दिवस. शिवाय कोंब रोज 360 ग्रॅम. एवढे कोण खाणार?

कच्चे कोंब मात्र नकोच, त्यांतून सायनाइड सुटतं. भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून द्या. थायरॉइडचा त्रास असेल तर रोज खाऊ नका. स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध) चालू असेल तर अर्काच्या भरवशावर गोळी बंद करू नका.