पेन्सिलीची पानं, शाईची पानं

मागच्या अंकात नॉर्वेतल्या आइस हॉकीचा ओझरता उल्लेख केला आणि पत्रांचा गठ्ठाच आला. आधीच कबूल करते, मी खेळाडू नाही, समीक्षक तर मुळीच नाही. नोकरीच्या निमित्तानं नॉर्वेतल्या हामार या गावी आले, राहती जागा स्टेडियमपासून चालत पंधरा मिनिटांवर निघाली, आणि डिसेंबरात दुपारी साडेतीनलाच अंधार पडतो म्हटल्यावर संध्याकाळी करायला दुसरं काही उरलं नाही. एवढीच माझी पात्रता. निवडक पत्रांना उत्तरं देते.

सप्टेंबरपासून मार्चपर्यंत 45 सामने खेळून जो संघ पहिला येतो, त्याला विजेता म्हणत नाहीत असं तुम्ही लिहिलंत. मग सहा महिने घाम गाळायचा कशाला? हा सरळसरळ अन्याय नाही का?

पहिल्या हिवाळ्यात मीही हेच म्हणाले होते, आणि तेही नको त्या माणसापुढे. आमच्या शेजारी एक बाई राहतात, तेव्हाच पंचाहत्तरीच्या पुढच्या. इथे लहानथोर सगळे एकमेकांना नावानंच हाक मारतात. मला ते अजून जमत नाही, म्हणून मनातल्या मनात मी त्यांना आजीच म्हणते. फेब्रुवारीच्या शेवटी आमचा स्टूरहामार संघ गुणतक्त्यात वर होता. जिन्यात भेटल्यावर मी त्यांचं अभिनंदन केलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी लग्नाआधीच बारशाचं बोलले.

गणित सोपं आहे. दहा संघ, प्रत्येकाची बाकीच्या नऊ जणांशी पाच-पाचदा गाठ, म्हणून 45 सामने. साठ मिनिटांत जिंकलात तर तीन गुण. बरोबरी झाली तर जादा वेळ आणि गरज पडल्यास पेनल्टी शॉट्स. त्यात जिंकणाऱ्याला दोन, हरणाऱ्याला एक. यातून पहिला येतो तो ‘सेरिएमेस्टर’, म्हणजे साखळीचा विजेता. त्याला चषक मिळतो, फोटो निघतो, टाळ्या पडतात. पण पहिले आठ संघ पुढे ‘स्लुत्स्पिल’ला जातात. आपण त्याला प्लेऑफ म्हणतो. तिथे एकाच प्रतिस्पर्ध्याशी जास्तीत जास्त सात सामने, आधी चार जिंकेल तो पुढे. उपांत्यपूर्व, उपांत्य, अंतिम अशा तिन्ही पायऱ्या चढून एप्रिलमध्ये जो उरतो, तो ‘नोर्गेसमेस्टर’, नॉर्वेचा विजेता. एका हंगामाला दोन मेस्टर, आणि त्यातला पहिला दोन वर्षांनी कुणाला आठवत नाही.

आजींकडे चौकटीच्या कागदाच्या वह्या आहेत, दर हंगामाला एक. सामन्याहून परत आल्या की कोट काढायच्या आधी त्यात निकाल लिहितात. साखळीचे 45 सामने पेन्सिलीनं. स्लुत्स्पिलचे निळ्या शाईनं. कारण विचारलं तर म्हणाल्या, “पेन्सिल हिवाळ्यासाठी.” यापलीकडे खुलासा नाही.

मग पहिलं येऊन मिळतं काय? एक तर घरचं मैदान. सातवा सामना खेळायची वेळ आली तर तो तुमच्या गावात. दुसरी गोष्ट मला फार आवडते. इथे कित्येक हंगाम असा नियम चालला की वरच्या संघानं आपला प्रतिस्पर्धी स्वतः निवडायचा. म्हणजे चारचौघांत बोट दाखवून सांगायचं, आम्हाला हे हवेत. त्याचा अर्थ काय होतो हे लहान पोरालाही कळतं: तुम्ही आम्हाला सोपे वाटता. ज्याच्यावर बोट पडलं, त्या संघाच्या प्रशिक्षकाला ड्रेसिंग रूममध्ये वेगळं भाषण करावं लागत नाही.

अन्याय म्हणाल तर थोडा आहेच. पण साखळीत मंगळवारी रात्री अर्ध्या रिकाम्या स्टेडियममध्ये, राखीव गोलकीपर उभा करून, तळाच्या संघाला हरवूनही तीन गुण मिळतात. स्लुत्स्पिलमध्ये तीच माणसं एक दिवसाआड समोर येतात. तुमच्या डाव्या विंगरचा गुडघा दुखतोय हे त्यांना तिसऱ्या सामन्यापर्यंत कळलेलं असतं. साखळी ही वर्षाची हजेरी. स्लुत्स्पिल ही तोंडी परीक्षा, आणि परीक्षक सातही वेळा तोच. हजेरीवर पहिला नंबर द्यावा असं मला आता वाटत नाही. आजींना तर कधीच वाटलं नव्हतं.

या लीगवर सत्ता कुणाची?

इतिहासात सर्वाधिक विजेतेपदं ओस्लोच्या वोलेरेंगाची. अलीकडच्या काळात मात्र पश्चिम किनाऱ्यावरच्या स्टावांगर ऑइलर्सनं सगळ्यांना दमवलं. स्टावांगर हे तेलाचं शहर, नावातच तेल आहे. 2010 मध्ये त्यांनी पहिलं विजेतेपद घेतलं आणि 2012 ते 2017 अशी सलग सहा वर्षं दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. आजींच्या त्या वह्यांमध्ये शाईच्या शेवटच्या ओळीखाली दरवर्षी एकच अक्षर आहे, ‘एस’. पूर्ण नाव लिहायची त्यांची तयारी नव्हती. 2018 मध्ये स्टूरहामारनं विजयांची ही मालिका तोडली, तेव्हा मात्र पान भरून लिहिलंय.

जगातला सर्वांत लांबलेला हॉकी सामना नॉर्वेत झाला हे खरं का? तुम्ही तिथे होता का?

खरं आहे. आणि होते, पण अर्धीच. हे मी इथे राहून फारसं कुणाला सांगत नाही.

12 मार्च 2017, रविवार. उपांत्यपूर्व फेरीचा पाचवा सामना, आमचा स्टूरहामार विरुद्ध सार्प्सबोर्गचा स्पार्टा. संध्याकाळी सहाला सुरू झाला. हामारचं हे स्टेडियम 1994 च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी बांधलेलं. नॅन्सी केरिगन आणि टोन्या हार्डिंग या अमेरिकन फिगर स्केटर याच बर्फावर उतरल्या होत्या. छताला लाकडाच्या प्रचंड कमानी आहेत. खेळ रटाळ झाला की मी त्या मोजते. त्या रात्री पुष्कळदा मोजल्या.

साठ मिनिटांनी 1-1. साखळीत अशा वेळी पाच मिनिटं जादा खेळवून पेनल्टी शॉट्सवर निकाल लावतात. स्लुत्स्पिलमध्ये ती सोय नाही. वीस-वीस मिनिटांची सत्रं, गोल होईपर्यंत. पहिलं जादा सत्र कोरं. दुसरं कोरं. दर मध्यंतराला बर्फ गुळगुळीत करणारी गाडी संथपणे फेऱ्या मारायची, मागे ओल्या काचेसारखा पट्टा उमटायचा, आणि पाचच मिनिटांत स्केट्सनी त्याची पुन्हा चाळण व्हायची. तिसऱ्या जादा सत्रानंतर, अकराच्या सुमारास, मी आजींना म्हटलं, उद्या सोमवार आहे, निघूया. त्यांनी थर्मासमधली उरलेली कॉफी माझ्या कपात ओतली आणि म्हणाल्या, “तू जा.”

मी गेले. झोपले. तो गोल रात्री अडीचला झाला. आठव्या जादा सत्रात, योआकिम येन्सेनच्या काठीतून, 2-1. 60 मिनिटं, मग सात पूर्ण सत्रांची 140, मग आठव्यातली 17 मिनिटं 14 सेकंद. एकूण 217 मिनिटं 14 सेकंद निव्वळ खेळ. त्याआधीचा विक्रम अमेरिका-कॅनडातल्या एनएचएल या लीगमधला, 1936 सालचा, डेट्रॉइट रेड विंग्ज आणि माँट्रियल मरून्सचा, 176 मिनिटं 30 सेकंदांचा. एक्क्याऐंशी वर्षं टिकलेला विक्रम मोडला आणि मी घोरत होते.

हॉकीत एक खेळाडू सलग चाळीस-पन्नास सेकंदच बर्फावर असतो, मग बाकावर येतो आणि दुसरा उडी मारून आत जातो. गोलकीपरला ती सवलत नाही. दोघेही गोलकीपर, अंगावर ढिगानं पॅड्स, साडेआठ तास त्या गारठ्यात. मला त्या रात्रीचं सगळ्यात जास्त नवल याचंच वाटतं. गोल मारणाऱ्याचं नाव लोक सांगतात. स्पार्टाचा गोलकीपर तेवढेच तास उभा राहून हरला.

सोमवारी सकाळी सात वाजता आजी जिन्यात पायऱ्यांवर वाळू टाकत होत्या. वही दाखवली. प्रत्येक सत्राच्या गोलांसाठी त्यांनी आखलेले रकाने चारच: तीन सत्रं आणि एक जादा. त्या रात्रीसाठी शेजारी एक वेगळी पट्टी चिकटवली होती, औषधाच्या खोक्याची, आणि तिच्यावर एकाखाली एक सात शून्यं नि मग एक. हजार-एक माणसं शेवटपर्यंत बसली होती. त्यांतल्या प्रत्येकाला हामारमध्ये आजही मान आहे. मी तिथे होते एवढंच सांगते आणि विषय बदलते.

(त्या वर्षीचं विजेतेपद? स्टावांगर. पुन्हा ‘एस’.)

या लीगमधले खेळाडू पूर्णवेळ व्यावसायिक असतात का?

सगळे सारखे नाहीत. मोठ्या क्लबांत पूर्णवेळ पगारी खेळाडू असतात, कॅनडा, अमेरिका, स्वीडन, फिनलंडहून आलेलेही. खालच्या क्लबांत असेही भेटतील की दिवसा कॉलेज किंवा नोकरी आणि संध्याकाळी सराव. आणि जो फारच चांगला निघतो, तो इथे थांबत नाही. ओस्लोचा मात्स झुकारेलो फ्रिस्क आस्केरकडून खेळला, 2008 मध्ये स्वीडनला गेला, 2010 मध्ये न्यूयॉर्क रेंजर्सला. ज्या देशात मूल चालायला लागलं की पायात स्की बांधतात, तिथे हॉकीच्या वाट्याला फुटबॉल आणि स्कीइंगनंतर उरलेला पैसा येतो.

पण व्यावसायिक म्हणून फक्त खेळाडूंकडे पाहू नका. सामन्याच्या रात्री काउंटरवर वाफल भाजणारे, तिकीट तपासणारे, हे बहुतेक जण फुकट राबत असतात. त्याला इथे ‘दुग्नाद’ म्हणतात: ज्याचं पोर क्लबच्या कनिष्ठ संघात, त्या आईबापांनी पाळीपाळीनं काम करायचं. माझ्यावरही एकदा पाळी आली, शेजारणीचा मुलगा आजारी म्हणून बदली. वाफलच्या यंत्रावर पीठ किती ओतायचं याचा अंदाज नसल्यानं पहिल्या सहा वाफली कडेनं ओघळल्या. रांगेतला एक गृहस्थ शांतपणे म्हणाला, कडाच चांगल्या लागतात, त्याच द्या. त्याच्या अंगावर लिलेहामरची जर्सी होती. लिलेहामर म्हणजे हामार ज्या म्योसा तळ्याकाठी आहे, त्याच तळ्याच्या वरच्या टोकाचं गाव, आमचे पक्के वैरी.

नार्विकसारख्या उत्तरेकडच्या गावाचा संघ लीगमध्ये असतो तेव्हा प्रवास कसा करतात?

विमानानं, आणि कुरकुरत. ओस्लोपासून रस्त्यानं सुमारे चौदाशे किलोमीटर. नार्विकला रेल्वे आहे, पण ती स्वीडनला जाते. उरलेल्या नॉर्वेशी रुळांनी जोडलेलंच नाही. याउलट सार्प्सबोर्ग आणि फ्रेडरिकस्टा ही दोन हॉकीवेडी गावं एकमेकांपासून पंधराएक किलोमीटरवर, तिथे बस तापायच्या आत उतरायची वेळ येते.

विजेत्यांच्या यादीत 2020 आणि 2021 पुढे नावच नाही. छापायचं राहिलं का?

नाही, ते कोरंच आहे. 2020 ची साखळी पूर्ण झाली होती, गुणतक्ता तयार होता, पहिला संघ कोण हेही ठरलं होतं. स्लुत्स्पिल तोंडावर असताना 12 मार्चला सरकारनं कोरोनामुळे देश बंद केला. (तारीख पाहिलीत? त्या लांबलेल्या सामन्याला बरोबर तीन वर्षं.) तेव्हा कुणी म्हणू शकलं असतं की पहिल्या नंबराला विजेता जाहीर करा, प्रश्न मिटला. ते झालं नाही. पुढच्या हंगामातही विजेता ठरला नाही. पहिल्या पत्रलेखकांनी हे जरूर वाचावं.

यादीत याआधीची मोठी पोकळी 1941 ते 1945 ची. तेव्हा देशावर जर्मनांचा ताबा होता आणि नाझींच्या हाताखालच्या क्रीडासंघटनेत खेळायला खेळाडूंनी नकार दिला. मैदानं होती, बर्फही होता, पण खेळाडू उतरले नाहीत.

2020 च्या त्या एप्रिलमध्ये, दोन मीटर अंतर राखून, मी आजींना जिन्यातूनच वहीबद्दल विचारलं. त्यांनी दार उघडून ती लांबूनच धरली. पेन्सिलीची पानं पूर्ण भरलेली, शेवटच्या सामन्यापर्यंत. पुढच्या पानावर शाईनं फक्त रेघा आखलेल्या होत्या. आठ संघांसाठी आठ ओळी, रकान्यांसकट.