दिवसभराची गुंगी: आधी मेडिकलची बिलं तारखेनं लावा

वडील दुपारपर्यंत पेंगतात, हाकेला उशिरा ओ देतात, दोन डॉक्टरांच्या गोळ्या मात्र वेळच्या वेळी चालू, असं तुम्ही लिहिलंय. आमच्या आईचं अगदी हेच झालेलं. मी डॉक्टर नाही, हे आधी सांगतो.

चूक माझीच होती. गुडघेदुखीवर ट्रामाडोल देताना डॉक्टरांनी विचारलं, "आणखी काय चालू?" मी म्हटलं, बीपी आणि शुगर. झोपेची अल्प्राझोलाम आई चार वर्षं घेत होती, पण आमच्या लेखी ते औषधच नव्हतं! ही दोन्ही एकत्र पोटात गेली की श्वास मंदावू शकतो. एका पहाटे तिचं घोरणं घशात पाणी अडकल्यासारखं येऊ लागलं, हलवूनही जाग येईना. असं दिसलं तर चहा पाजत बसू नका, १०८ लावा.

दुकानदाराला कळायला नको का, असं सगळे म्हणतात. दोन्ही गोळ्या शेड्यूल एच-१ मधल्या, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायच्या नाहीत अशा औषधांच्या सरकारी यादीतल्या. २०१४ पासून केमिस्टला यांची वेगळी नोंदवही ठेवावी लागते, पण आमच्या कोल्हापुरात गंगावेशीतल्या दुकानाची वही राजारामपुरीतल्याला कुठली दिसायला? अमेरिकेत जवळपास सगळ्या राज्यांत या नोंदी एकत्र होतात. किती डॉक्टर, किती दुकानं, वेदनेची आणि झोपेची गोळी सोबत आहे का, पुढची खरेदी मुदतीआधी झाली का, हे डॉक्टरला एकाच ठिकाणी कळतं.

मी तेच पलंगावर केलं. बिस्किटाच्या डब्यातली बिलं तारखेनं लावली. अल्प्राझोलामच्या १५ गोळ्या ४ तारखेला गंगावेशीत, पुन्हा १५ गोळ्या ११ तारखेला महाद्वार रोडला. रोज एक म्हणणारी आई दोन-दोन घेत होती. तिला चोर ठरवू नका, झोप येत नव्हती बिचारीला. आणि बिलं बघून गोळी स्वतःच एकदम बंद करू नका, झटके येऊ शकतात. सगळा गठ्ठा डॉक्टरांपुढे ठेवा, डोस तेच उतरवतील.

आईला ॲडमिट केलं होतं तिथल्या रेकॉर्डच्या खिडकीनं तिच्या उपचारांच्या कागदांसाठी मला तीन हेलपाटे घालायला लावले. साहेब रजेवर, मग फाइल सापडत नाही, मग उद्या या. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत मागणीनंतर असे कागद द्यायला ७२ तासांची मुदत आहे, पण माझ्याकडे अर्जाची पोचच नव्हती. तुम्ही अर्जाच्या प्रतीवर शिक्का मारून घ्या.

बिलांचे फोटो आजच काढा. त्या गुळगुळीत कागदावरची शाई उडते. आमची मार्चमधली दोन बिलं कोरी निघाली.