०.५ मिमी ओव्हरसाइज (मूळ मापापेक्षा मोठा) पिस्टन टाकल्यावर सेडान शर्यतीच्या १६०० सीसी क्लासमध्ये राहते का?

बहुतेक वेळा नाही. इंजिनाची क्षमता अशी काढतात: बोअर (सिलिंडरचा व्यास) × बोअर × ०.७८५४ × स्ट्रोक (पिस्टन वर-खाली सरकतो ते अंतर) × सिलिंडरांची संख्या, मापं मिमीमध्ये. भागिले १००० केलं की सीसी मिळतात. ७९ × ८१.५ मिमीचं चार सिलिंडरचं इंजिन १५९८ सीसी भरतं. तेच ७९.५ला बोअर केलं की १६१८, म्हणजे गाडी थेट वरच्या क्लासमध्ये, मोठ्या इंजिनांसमोर! नुसत्या झिजेने बोअर ७९.०५ झाला तरी १५९९.९७ होतात, इतकी कमी जागा आहे. म्हणून ब्लॉक मशीनला देण्याआधी त्या स्पर्धेच्या नियमपुस्तिकेत ओव्हरबोअरची (बोअर वाढवण्याची) सूट आणि लाइनर (सिलिंडरच्या आत बसवायची नळी) बसवायची परवानगी, दोन्ही बघाच. परवानगी असेल तर लाइनर घालून मूळ बोअरवर या. टर्बो असेल तर हिशोबच बदलतो: एफआयएच्या (मोटरस्पोर्टची आंतरराष्ट्रीय संस्था) अनेक नियमांत पेट्रोल टर्बोला १.७ने गुणतात, १४०० सीसी म्हणजे २३८०.